पत्ता सापडला म्हणजे माणूस सापडला असं नाही

गेल्या उन्हाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या कळंबला एका लग्नाला गेलो होतो. वालचंदनगरला लागून असलेलं हे गाव. जेवणं उरकल्यावर मांडवात पाच-सहा पोरं भोवती जमली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. आता नोकरीचे प्रश्न येतील असं वाटलं. पण नुकतीच बारावी झालेल्या एका मुलाने वेगळंच विचारलं. "भाई, पोलिसांनी आयपी काढला की घर सापडतं ना? आमच्या घरचं वायफाय वरचे भाडेकरू वापरतात, चुलतभाऊ वापरतो, दुकानात आलेलं गिऱ्हाईकही कधीकधी पासवर्ड मागतं. कुणी काही भलतंच टाकलं, तर नाव कुणाचं येणार?"

"अब्बांचं," मी म्हणालो. कनेक्शन त्यांच्या नावावर होतं.

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "आणि अब्बा तर साधा फोन वापरतात."

या मुलाची भीती हवेतून आलेली नाही. २ जून २०१४ च्या रात्री पुण्यात हडपसरला, छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर फिरल्याचं निमित्त करून जमावाने एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला ठार मारलं. तो नमाज पढून परतत होता. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. त्याचं नाव आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. त्याच वर्षी जूनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं, आणि सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या मजकुराचं निमित्त होऊन मशिदीवर हल्ला झाला, एका तरुणाचा जीव गेला.

जमाव आयपी पत्ता बघत नाही, त्याला टोपी आणि दाढी पुरते. जमावाविषयी या पानांवर आपण अनेकदा लिहिलं आहे, पुढेही लिहू. आज बोलायचं आहे ते त्यानंतरच्या पायरीबद्दल. गुन्हा दाखल होतो, पोलीस कंपनीला पत्र लिहितात, कंपनी एक नाव आणि एक पत्ता पाठवते, आणि गावात बातमी पसरते की "आयपी ट्रेस झाला, अमक्याच्या घरातून टाकलं होतं." यानंतर त्या घराला कुणी काही विचारत नाही. शास्त्राने पुरावा दिला, असं सगळे धरून चालतात. म्हणून हे शास्त्र नेमकं काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे आपल्या प्रत्येक तरुणाला माहीत असलं पाहिजे.

पत्ता कोण देतं?

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला संवादासाठी एक क्रमांक लागतो. तोच आयपी पत्ता. हे क्रमांक कुणी मनाला येईल तसे घेत नाही. त्यांची वाटणी वरून खाली होते. सगळ्यात वर इयाना ही यंत्रणा. तिच्याकडून पाच खंडीय नोंदणीसंस्थांना मोठे गठ्ठे मिळतात. आशिया-पॅसिफिकसाठीची संस्था एपनिक, तिचं कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे. तिच्याखाली भारतासाठी आयआरआयएनएन ही नोंदणीसंस्था २०१२ पासून काम करते. ती निक्सी या संस्थेचा भाग आहे. तिथून इंटरनेट कंपन्यांना पत्ते मिळतात, आणि कंपनी ते ग्राहकाला वापरायला देते.

या साखळीत तुमच्या-माझ्यासारखा खाजगी माणूस सगळ्यात शेवटी येतो. त्याला मिळतो तो पत्ता त्याच्या मालकीचा नसतो. तो जवळपास नेहमीच तात्पुरता असतो. गावात लाइट गेली, राउटर बंद पडला, लाइट आली, राउटर पुन्हा सुरू झाला, की बऱ्याचदा नवा पत्ता हाती येतो. दुपारी कळंबच्या एका घराकडे असलेला पत्ता संध्याकाळी बारामतीच्या दुसऱ्या घराकडे असू शकतो. कायमचा पत्ता हवा असेल तर बहुतेक कंपन्या वेगळे पैसे घेतात, आणि घरगुती ग्राहक सहसा त्या वाटेला जात नाही.

आता हे पत्ते कुणाकडे आहेत याची एक जाहीर नोंदवही असते. तिला हूइज म्हणतात. कुणीही ती उघडून बघू शकतो. पण एखादा पत्ता तिथे टाकून पाहा: कंपनीचं नाव दिसेल, तुमच्या वडिलांचं दिसणार नाही. हा योगायोग नाही. युरोपातल्या राइप या नोंदणीसंस्थेच्या नियमांत तर साफ लिहिलं आहे की पत्ते वापरणारा जर संस्था नसून व्यक्ती असेल, तर त्याच्या संपर्काच्या जागी पुरवठादार कंपनीचा संपर्क देता येईल. संस्थेने जगाला आपलं नाव सांगावं, पण घरात बसलेल्या माणसाचं नाव जगाच्या नोंदवहीत नसावं, हे तत्त्व यामागे आहे. माणूस आणि पत्ता यांची जोडी फक्त कंपनीकडे राहते, आणि ती कायदेशीर मागणीशिवाय बाहेर येऊ नये अशी अपेक्षा असते.

म्हणून कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर "आम्ही आयपी ट्रेस केला" असं म्हणत नाव-गाव फिरवत असेल, तर ती थाप आहे असं खुशाल समजा. असं नाव कुठल्याही वेबसाइटवर मिळत नाही. ज्या वेबसाइट नकाशावर ठिपका दाखवतात त्या अंदाज करतात. कळंबच्या मोबाइलचा ठिपका त्या पुण्यात दाखवतील, नाहीतर मुंबईत.

हा अंदाज किती महाग पडू शकतो याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. आयपी पत्त्यांचे नकाशे विकणाऱ्या एका कंपनीने, ज्या पत्त्यांबद्दल "अमेरिकेत कुठेतरी" एवढंच माहीत होतं, त्या सगळ्यांसाठी देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू धरला. तो बिंदू नेमका कॅन्सस राज्यातल्या एका शेतावर पडला. सुमारे ६० कोटी पत्ते त्या एका शेताच्या नावावर लागले. अनेक वर्षं पोलीस, तपास यंत्रणा आणि फसवणूक झालेले चिडलेले लोक त्या शेतावर धडकत राहिले. तिथल्या माणसांना कारणच कळेना. २०१६ मध्ये एका पत्रकाराने हे उघडकीला आणलं तेव्हा कुठे कंपनीने तो बिंदू हलवला. शेतातल्या माणसांचा गुन्हा एवढाच, की ते नकाशाच्या मधोमध राहत होते.

एक पत्ता, अनेक घरं

आता मुख्य अडचण. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. साऱ्या जगासाठी एवढेच. इयानाकडचा शिल्लक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एपनिक आपल्या शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आलं. भारतात फोनवर इंटरनेट घराघरांत पोचलं ते त्यानंतर. म्हणजे आपण पंक्तीला बसलो तेव्हा भांडी रिकामी झाली होती.

यावर कंपन्यांनी उपाय काढला तो सीजीनॅट. सार्वजनिक पत्ता एकच, आणि त्यामागे अनेक ग्राहक. चाळीला एकच टपालपेटी असावी आणि पत्रावर खोली क्रमांक लिहिलेला असावा तसं. हा खोली क्रमांक म्हणजे पोर्ट. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट असतात. कंपनीने प्रत्येक ग्राहकाला १,०२४ पोर्टांचा संच दिला आणि पहिला संच राखून ठेवला, तर एका पत्त्यामागे ६३ ग्राहक बसतात. संच लहान केला तर आणखी जास्त.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. एखाद्या वादग्रस्त पोस्टचा फक्त आयपी पत्ता पोलिसांकडे असेल आणि पोर्ट नसेल, तर त्यांच्या हातात एक माणूस नाही, अख्खी आळी आहे. त्या आळीतून कुणाचं नाव वर येईल हे मग तंत्रज्ञान ठरवत नाही. तपास करणाऱ्याच्या मनात आधीपासून काय आहे ते ठरवतं. ६३ नावांच्या यादीत तीन मुसलमान असले, तर दार कुणाचं आधी वाजेल हे सांगायला इंजिनीयर लागत नाही.

इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने २०११ मध्येच शिफारस केली होती की सर्व्हरने पत्त्यासोबत पोर्टही नोंदवावा, आणि वेळ सेकंदापर्यंत अचूक ठेवावी. तरीही कितीतरी सर्व्हर आजही पोर्ट नोंदवत नाहीत.

वेळेचा घोळ तर आणखी साधा आणि आणखी घातक. परदेशी कंपन्यांच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. कळंबला १५ तारखेला पहाटे २ वाजून १० मिनिटांनी टाकलेली पोस्ट त्या नोंदीत १४ तारखेच्या २० वाजून ४० मिनिटांची दिसते. हा फरक न जोडता कुणी कंपनीला विचारलं, तर १४ तारखेच्या रात्री पावणेनऊला तो पत्ता ज्याच्याकडे होता त्याचं नाव येईल. कंपनीचं उत्तर बरोबर, पोलिसांचं पत्र बरोबर, आणि अटक झालेला माणूस साफ चुकीचा.

येरवड्यातले पन्नास दिवस

हे कल्पनेतलं नाही. महाराष्ट्रात घडलेलं आहे. २००७ च्या ऑगस्टअखेर पुणे पोलिसांनी बंगळूरला जाऊन एका सॉफ्टवेअर इंजिनीयरला घरातून उचललं. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची विटंबना करणारा मजकूर टाकल्याचा आरोप होता. आधार होता आयपी पत्त्याचा. इंटरनेट कंपनीने तो पत्ता त्याच्या नावावर असल्याचं कळवलं होतं. तो सांगत राहिला की मी हे केलेलं नाही. सुमारे ५० दिवस तो येरवडा तुरुंगात होता. नंतर कळलं की कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती, तो पत्ता त्या वेळी त्याचा नव्हताच.

तो माणूस मुसलमान नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो आहे. हा प्रश्न फक्त आपला आहे असं मानलं तर आपण एकटे पडू, आणि ते खरंही नाही. नोंदीतली एक चूक कुणाच्याही दारात पोलीस आणू शकते. फरक इतकाच की आपल्या दारात पोलिसांच्या मागोमाग जमावही येऊ शकतो, आणि निर्दोष ठरल्यावर आपल्याला परत घेणारं गाव तेच राहिलेलं नसतं.

दुसरा प्रसंग २००८ चा. २६ जुलैला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं माध्यमांना एक ईमेल गेला होता. आयपी पत्ता निघाला नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटचा. तिथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याच्या वायफायला पासवर्ड नव्हता. त्याचे संगणक तपासले, चौकशी झाली, आणि त्याचं वायफाय बाहेरच्या कुणीतरी वापरलं हे पोलिसांनी मान्य केलं. त्याला आरोपी केलं नाही. तपास असाच व्हायला हवा. आधी पत्ता, मग यंत्र, मग माणूस. माझा प्रश्न एवढाच आहे: त्या फ्लॅटमध्ये भिवंडीचा किंवा बारामतीचा एखादा मुसलमान भाडेकरू असता, तर पोलीस याच क्रमाने गेले असते का?

अमेरिकेतल्या एका न्यायालयाने ही गोष्ट २०१८ मध्ये स्वच्छ मांडली. एका चित्रपटकंपनीने आयपी पत्त्यावरून चोरून चित्रपट उतरवणाऱ्याचा माग काढला. कनेक्शन निघालं वृद्ध आणि अपंगांची काळजी घेणाऱ्या एका निवासाच्या चालकाचं. तिथे राहणारे आणि येणारे-जाणारे सगळेच ते वापरत होते. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं की एखाद्याच्या नावावर कनेक्शन आहे एवढ्यावरून तो दोषी असल्याचा दावा उभा राहत नाही. तो खटला चित्रपटाच्या हक्काचा होता. म्हणजे पैशांच्या दाव्यातसुद्धा जे पुरत नाही, ते एखाद्याला कोठडीत टाकायला पुरतं असं कसं म्हणायचं?

गर्दीत लपावं की स्वतंत्र पत्ता मागावा?

इथे काही वाचक म्हणतील, मग ही गर्दी बरीच की. एका पत्त्यामागे ६३ जण असले तर सरकारला आपल्यावर पाळत ठेवणं अवघड जाईल. हा युक्तिवाद मी आपल्या अनेक मित्रांकडून ऐकला आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. पाळतीची भीती खरी आहे. तरीही मला तो पटत नाही.

सीजीनॅटमुळे आपण लपत नाही. दूरसंचार विभागाच्या परवान्याच्या अटींनुसार कंपन्यांना या नोंदी ठेवाव्याच लागतात, आणि डिसेंबर २०२१ मधल्या बदलानंतर त्या किमान दोन वर्षं जपाव्या लागतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन देणाऱ्या कंपन्यांनाही ग्राहकाचं नाव आणि त्याला दिलेले पत्ते पाच वर्षं ठेवावे लागतात. म्हणजे ज्याला शोधायचं आहे तो शोधतोच. फक्त शोध ढिसाळ असेल तर शेजाऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर येण्याची वाट मोकळी राहते. गर्दी दोषी माणसाला जेवढी लपवते, तेवढीच निर्दोष माणसाला त्याच्यासोबत बांधून ठेवते.

याला उत्तर आयपीव्ही६ चं आहे. तिथे पत्त्यांचा तुटवडा नाही. त्यातला सगळ्यात लहान नेहमीचा गठ्ठा, जो एका फोनला सहज दिला जातो, त्यात ४२९ कोटी गुणिले ४२९ कोटी एवढे पत्ते असतात. घरगुती ग्राहकाला एकच गठ्ठा देऊन थांबू नये, पुढे वाढायला जागा राहील इतकं द्यावं, अशी आयईटीएफची २०११ ची शिफारस आहे. भारतात २०१६ मध्ये जिओ आल्यापासून मोबाइलवर आयपीव्ही६ झपाट्याने पसरलं, आणि आज या बाबतीत आपला देश जगात पुढच्या रांगेत आहे. पण घरच्या वायरच्या कनेक्शनवर, खासकरून लहान गावांत, ते मिळेलच असं नाही.

आयपीव्ही६ मध्ये तुमचा पत्ता शेजाऱ्याच्या पत्त्यात मिसळत नाही. पण दोन गोष्टी विसरू नका. पहिली, स्वतंत्र पत्ता म्हणजे माग काढणं सोपं. म्हणून फोन आणि संगणक पत्त्याचा मागचा अर्धा भाग ठरावीक काळाने स्वतःहून बदलत राहतात. ही सोय बंद करू नका. दुसरी, आयपीव्ही६ चा गठ्ठासुद्धा घर दाखवतो, माणूस दाखवत नाही. तुम्ही मित्राला हॉटस्पॉट दिलात तर त्याची पोस्ट तुमच्याच फोनच्या गठ्ठ्यातून जाते.

म्हणून नुसता तांत्रिक उपाय पुरणार नाही. पत्ता स्वतंत्र हवा, आणि त्याभोवती कायद्याचं कुंपणही हवं. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये, जर्मन राजकारणी पाट्रिक ब्रेयर यांच्या खटल्यात सांगितलं की बदलता आयपी पत्तासुद्धा व्यक्तिगत माहिती ठरू शकतो, कारण कंपनीच्या नोंदी जोडून त्यामागचा माणूस शोधता येतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण त्या हक्काचा कंपनीच्या नोंदीशी असलेला संबंध अजून तालुक्याच्या पोलीस ठाण्यापर्यंत पोचलेला नाही.

आपल्या मागण्या

पोलिसांकडे आपली मागणी साधी आहे. कंपनीला पत्र लिहिताना पत्ता, पोर्ट, तारीख, सेकंदापर्यंतची वेळ आणि ती कुठल्या प्रमाणवेळेत आहे, एवढं लिहिल्याशिवाय नाव मागू नये. नाव आल्यावर त्या घरातलं यंत्र, त्यातलं खातं आणि वापरणारा माणूस यांचा मेळ बसल्याशिवाय अटक करू नये, आणि कुणाचंही नाव पत्रकारांना किंवा पुढाऱ्यांना सांगू नये.

यात कायदा आपल्या बाजूने आहे. धार्मिक भावना दुखावणं किंवा समाजांत तेढ पसरवणं, यासाठी लागणारी भारतीय न्याय संहितेची कलमं २९९ आणि १९६ ही साधारण तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची आहेत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावलं आहे. अटकेची गरज नसेल तिथे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) प्रमाणे हजर राहण्याची नोटीस देता येते. अटक झालीच तर तिची कारणं लेखी, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्या गुन्ह्यांसाठी लागू केलं. कंपनीच्या नोंदी न्यायालयात पुरावा म्हणून द्यायच्या, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. वकिलाला ते आवर्जून मागायला सांगा, आणि कंपनीला विचारलेलं मूळ पत्रही मागायला सांगा. चूक बहुतेकदा त्या पत्रातच सापडते.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कोठडीत असलेल्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, हा १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

इंटरनेट कंपन्यांकडे मागणी अशी की घरगुती ग्राहकाला आयपीव्ही६ द्या, नोंदी अचूक ठेवा, आणि तुमच्या चुकीमुळे कुणी तुरुंगात गेलं तर त्याची भरपाई तुम्ही करा. ५० दिवसांची किंमत ज्याने चूक केली त्याला मोजावी लागली, तरच पुढची नोंद नीट तपासली जाईल.

आणि आपलं घर

दुसऱ्यांकडे मागणी करताना आपल्या घरातला ढिसाळपणाही बघू. वायफायचा पासवर्ड दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेला असतो. राउटरचा मूळ पासवर्ड कंपनीने दिलेला तसाच राहतो. मशिदीचं, मदरशाचं कनेक्शन मुतवल्लींच्या नावावर असतं आणि ते कोण कोण वापरतं हे त्यांना माहीत नसतं. एकाच्या आधारवर काढलेलं सिम दुसराच वापरतो.

हे आजच बदलता येतं. पासवर्ड बदला. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळं नेटवर्क सुरू करा, ही सोय आता बहुतेक राउटरमध्ये असते. भाडेकरूला स्वतःचं कनेक्शन घ्यायला सांगा, यात नात्याचा अपमान नाही. संचारसाथीवर जाऊन आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा, आणि ओळखीचं नसेल ते बंद करण्याची तक्रार तिथेच करा. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपला दुहेरी पडताळणी लावा. खातं हॅक झालं तर त्याच दिवशी १९३० वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. लोक चिडल्यानंतर केलेल्या तक्रारीपेक्षा आधी केलेल्या तक्रारीला वजन असतं.

एक गोष्ट आपल्याही बाबतीत खरी आहे. पैगंबरांबद्दल कुणी काही लिहिल्याचा स्क्रीनशॉट येतो, आणि आपलीच पोरं नाव-गाव-नंबर फिरवायला लागतात. ते खातं खरं आहे का, तो मजकूर त्यानेच लिहिला का, हे कोण बघतं? बातमी आली की आधी तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचं तरी नुकसान करून पस्तावाल, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. जी शहानिशा आपण पोलिसांकडून मागतो ती आधी आपल्या ग्रुपवर करू.

कळंबच्या त्या मुलाला मी इतकं सगळं सांगितलं नाही. लग्नाच्या मांडवात तेवढा वेळ नव्हता. त्याच्या घरी जाऊन राउटर उघडला, पासवर्ड बदलला, भाडेकरूंसाठी वेगळं नेटवर्क केलं. पंधरा मिनिटं लागली. त्याचे अब्बा शेजारी उभे राहून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "आता माझं नाव नाही ना येणार?"

"येईल चाचा," मी म्हणालो. "पण विचारलं तर सांगता येईल की कोण कुठलं नेटवर्क वापरतं."

आपल्यात इंजिनीयर कमी नाहीत. पुण्यात, पिंपरीत, हिंजवडीत आपली शेकडो मुलं-मुली नोकरी करतात. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा जुम्म्यानंतर दहा मिनिटं मागून घ्या आणि एवढंच समजावून सांगा. घरातल्या बायकांनाही सांगा, कारण दार वाजतं तेव्हा बऱ्याचदा त्याच घरी असतात. आणि तुमच्या तालुक्यातल्या एका तरी वकिलाला पोर्ट आणि प्रमाणवेळ म्हणजे काय ते शिकवा. कुणाच्या तरी मुलाला कोठडीतून वाचवायला ते उपयोगी पडेल. तो मुलगा आपलाच असेल असं नाही.